प्रकल्प नोंदी: नोबुहिरो ताजिमा आणि विरळ हवेचा हिशेब

५ जानेवारी २०२५

कामाला सुरुवात. जपानी मोटारशर्यत चालक नोबुहिरो ‘मॉन्स्टर’ ताजिमा यांच्या कारकिर्दीचा कालपट मराठीत मांडायचा आणि त्याला एक हिशेबाचा तक्ता जोडायचा. ‘दहा मिनिटांच्या आत पाइक्स पीक चढणारा पहिला चालक’ ही ओळ खरी आहे. पण त्या वेळेत गाडीचा वाटा किती, रस्त्याचा किती आणि हवेचा किती, हे तिच्यातून कळत नाही. प्रकल्प त्यासाठी.

आधी रस्ता. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला हा घाट १९.९९ किलोमीटरचा, १५६ वळणांचा. सुरुवात २,८६२ मीटरवर, शेवट ४,३०२ मीटरवर. चढ १,४४० मीटर, म्हणजे सरासरी ७.२ टक्के. त्यावरची पहिली चढणीची मोटारशर्यत १९१६ ची. आपल्या मापाने सांगायचे तर कळसूबाईच्या माथ्यावर आणखी १,२१६ मीटर चढलो की इथली सुरुवातीची रेघ लागते. शेवटची रेघ रोहतांग खिंडीपेक्षाही तीनशे मीटर वर. मनाली-लेहला कार्ब्युरेटरवाली मोटारसायकल घेऊन गेलेल्यांना पुढचे निम्मे हिशेब सांगावे लागणार नाहीत.

लांबी तक्त्यात पक्की केली, कारण पहिल्या मसुद्यात ‘१२ मैल’ असा गोल आकडा घेतला होता. त्याने २०११ च्या विक्रमाचा सरासरी वेग ताशी ११७.६ किमी येतो. खरी लांबी १२.४२ मैल घेतली की १२१.७ येतो. चार किलोमीटरचा फरक नुसत्या गोलाईतून पडतो.

नावाबद्दल: जपानीतला ‘त’ दंत्य आहे, म्हणून ‘टाजिमा’ नव्हे, ‘ताजिमा’. जन्म २८ जून १९५०. ही तारीख पुढे कामी येणार आहे.

१२ जानेवारी

वेळा भरल्या आणि तक्ता लगेच फसला.

स्प्रेडशीटमध्ये ९:५१.२७८ असे टाकले तर ते मिनिटे-सेकंद म्हणून वाचले जाते, कारण पुढे दशांश आहे. पण रॉड मिलन यांची १९९४ ची वेळ कुणी १०:०४ अशी गोल करून टाकली, तर तीच शीट तिला दहा तास चार मिनिटे समजते. सरासरी वेग निघतो ताशी दोन किलोमीटर. इतकी ढोबळ चूक लगेच दिसते. धोका खरा आहे तो एकाच रकान्यात दोन्ही प्रकार मिसळून त्याची सरासरी काढली जाते तेव्हा.

उपाय साधा: मिनिटे एका रकान्यात, सेकंद दुसऱ्यात, तिसऱ्यात एकूण सेकंद. वेळेचा फॉरमॅट कुठेच वापरायचा नाही. सरासरी वेग = ७१,९६४ ÷ एकूण सेकंद (१९.९९ गुणिले ३,६००).

दुसरी भानगड खास आपली. देवनागरी अंक टाकले की शीट त्यांना बहुतेक वेळा मजकूर मानते आणि बेरजेत मुकाट्याने वगळते, चुकीचा इशाराही देत नाही. म्हणून हिशेब इंग्रजी अंकांत, आणि छापायच्या प्रतीतच देवनागरी.

पूर्ण लांबीच्या धावा आता अशा दिसतात:

१९९४, रॉड मिलन, टोयोटा सेलिका: १०:०४.०६ — ताशी ११९.१३ किमी
२००७, ताजिमा, सुझुकी एक्सएल७: १०:०१.४०८ — ११९.६६
२००८, ताजिमा, एक्सएल७: १०:१८.२५० — ११६.४०
२००९, ताजिमा, एसएक्स४: १०:१५.३६८ — ११६.९४
२०१०, ताजिमा, एसएक्स४: १०:११.४९० — ११७.६९
२०११, ताजिमा, एसएक्स४: ९:५१.२७८ — १२१.७१

दहा मिनिटांच्या आत यायला सरासरी ११९.९४ लागते. मिलन यांचा विक्रम तेरा वर्षे टिकला आणि मोडला तेव्हा जेमतेम २.६५२ सेकंदांनी मोडला.

ताजिमा यांचे १९९५ आणि २००६ चे एकूण विजय कालपटात आहेत, या तक्त्यात नाहीत. १९९५ ला हवामानामुळे रस्ता छाटला होता. छाटलेल्या रस्त्याची वेळ पूर्ण रस्त्याच्या वेळेशेजारी ठेवली की वाचणारा हमखास फसतो, खाली तळटीप असली तरी.

१९ जानेवारी

गाड्यांची नावे. आजचा सगळा वेळ यातच गेला, आणि तो घालवायलाच हवा होता.

सुझुकीची एकच गाडी देशोदेशी वेगळ्या नावाने विकली गेली. कल्टस बाहेर अनेक ठिकाणी ‘स्विफ्ट’ झाली. तिचीच सेडान भारतात १९९० ला ‘मारुती १०००’ म्हणून आली आणि पुढे ‘एस्टीम’ झाली. म्हणजे ताजिमांच्या जुन्या रॅलीच्या यादीत ‘स्विफ्ट’ दिसली, तर ती २००५ नंतर आपल्या रस्त्यांवर आलेली स्विफ्ट नव्हे. एस्कुडो म्हणजे व्हिटारा. एसएक्स४ आपल्याकडे त्याच नावाने आली, मात्र सेडान होऊन.

सर्वात घोळाचे नाव एक्सएल७. भारतात २००३ च्या सुमारास ‘ग्रँड व्हिटारा एक्सएल-७’ विकली जात होती. २००७ च्या विक्रमाच्या गाडीला ज्या एक्सएल७ चे नाव होते, ती त्यानंतरची, जनरल मोटर्सबरोबर कॅनडात बनलेली, उत्तर अमेरिकेसाठीची गाडी. आणि आत्ताच्या मारुती एक्सएल६ चा या दोन्हींशी काही संबंध नाही.

तशीही ही सगळी पंचाईत कातडीपुरतीच. अमर्याद गटातल्या, म्हणजे रचनेवर फारशी बंधने नसलेल्या, या गाड्यांमध्ये खाली नळ्यांचा सांगाडा, चारही चाकांना ताकद, दोन टर्बोंचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यांचे) व्ही-६ इंजिन. शोरूममधल्या गाडीशी नाते वरच्या आकाराचे आणि बोधचिन्हाचे. तक्त्यात म्हणून दोन रकाने केले: ‘नाव’ आणि ‘प्रत्यक्षात काय’.

अश्वशक्तीचा रकाना मात्र काढून टाकला. नऊशे, हजार असे आकडे छापून येतात, पण ते कोणत्या दाबावर, किती तापमानात मोजले, चाकांवर की क्रँकवर (इंजिनाच्याच दांड्यावर), हे त्यांच्यासोबत येत नाही. या विषयात तेच नसेल तर आकड्याला काही किंमत नाही. ग्रान तुरिस्मो खेळात एस्कुडो चालवून मोठे झालेल्यांना हे रुचणार नाही. इलाज नाही.

२ फेब्रुवारी

दोन इंजिनांचे पर्व. पाइक्स पीकवर ताजिमा आधी दोन इंजिनांची कल्टस घेऊन आले, मग दोन इंजिनांची एस्कुडो. एक इंजिन पुढच्या चाकांना, एक मागच्या. कल्पना त्यांची एकट्याची नव्हती: १९८७ ला फोक्सवॅगनने दोन इंजिनांची गोल्फ इथे आणली होती आणि ती शेवटच्या काही वळणांवर येऊन थांबली. त्या वर्षी वॉल्टर रोर्ल यांनी ऑडी क्वाट्रोने १०:४७.८५ ची वेळ लावली.

दोन इंजिने का? मोठी ताकद चारही चाकांवर न्यायची तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल, लांब शाफ्ट, आणि तो सगळा भार सोसणारा गिअरबॉक्स लागतो. छोट्या गाडीचे इंजिन-गिअरबॉक्स असे अख्खे गाठोडे आयते मिळते. तेच एक पुढे, एक मागे बसवले की मधले सगळे वाचते. वजनही दोन्ही धुऱ्यांवर वाटले जाते.

बिघडते कुठे ते असे. दोन टर्बो एकाच क्षणी भरत नाहीत. वळणातून बाहेर पडताना पुढचा आधी भरला तर पुढची चाके घसरून गाडी बाहेर जाते. मागचा आधी भरला तर शेपूट फिरते. तेच वळण, तोच पाय, तरी दोन खेपांना गाडी दोन तऱ्हेने वागते. खडीवर हे सावरता येते, पण दरवेळी थोडा पाय उचलावा लागतो. मग दोन क्लच, दोन गिअरबॉक्स, दोन पाण्याचे आणि दोन तेलाचे मार्ग. गिअर बदलताना एक बाजू दातावर बसली आणि दुसरी नाही, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात.

आणि साधे गणित: एका इंजिनाची शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता ९० टक्के धरली, तर दोन्ही टिकण्याची ८१. उदाहरणाचा आकडा आहे, पण उतार कुठे जातो ते कळते. असे असूनही १९९५ चा विजय दोन इंजिनांच्या एस्कुडोचा. त्यानंतर एस्कुडो एकाच व्ही-६ वर आली.

९ फेब्रुवारी

हवेची घनता. प्रकल्पाचा कणा हाच, म्हणून रीत पूर्ण लिहून ठेवत आहोत.

प्रमाण वातावरण धरायचे: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस, १,०१३ हेक्टोपास्कल, घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर. दर मीटरला तापमान ०.००६५ अंशाने उतरते. त्या उंचीचे केल्विनमधले तापमान भागिले २८८.१५ हे गुणोत्तर काढा. त्याचा ५.२५६ वा घात म्हणजे दाबाचे गुणोत्तर, ४.२५६ वा घात म्हणजे घनतेचे.

सुरुवातीला (२,८६२ मीटर): दाब ७१३ हेक्टोपास्कल, घनता ०.९२२, म्हणजे सपाटीच्या ७५ टक्के.
शेवटी (४,३०२ मीटर): दाब ५९३, घनता ०.७९३, म्हणजे ६५ टक्के.

टर्बो नसलेले इंजिन याच प्रमाणात ताकद गमावते. खरे तर थोडी जास्तच, कारण आतले घर्षण उंचीबरोबर कमी होत नाही. सपाटीला शंभर असलेली ताकद निघतानाच पंच्याहत्तर, आणि पोहोचेपर्यंत पासष्टच्या आत.

पहिल्या खेपेला सूत्रात तापमान सेल्सियसमध्येच गेले आणि शिखराचे गुणोत्तर उणे आले. केल्विनचा रकाना आता लाल रंगात आहे.

एक जपायची गोष्ट: शर्यत उन्हाळ्यात असते. प्रमाण वातावरण शिखरावर उणे १३ अंश सांगते. तिथे ५ अंश धरले तर त्याच दाबाला घनता ०.७४ वर येते. मात्र उबदार दिवसात उंचावरचा दाबही प्रमाणापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे ०.७४ हा जरा निराशावादी आकडा. तक्त्यात ०.७९ कायम ठेवला आणि शेजारी ‘उन्हाळ्यात याहून कमी’ अशी टीप दिली.

१६ फेब्रुवारी

‘टर्बो असला की उंचीचा प्रश्न मिटतो’ हे वाक्य मसुद्यात दोनदा आले होते. दोन्ही खोडली.

समजा इंजिनाला आत २ बार निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब हवा. सपाटीला टर्बोने हवा १.९७ पट दाबायची. पाइक्स पीकच्या सुरुवातीला २.८ पट, शिखरावर ३.३७ पट. दाबलेली हवा तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर सपाटीला हवा साधारण ८६ अंशांनी तापते, शिखरावर १६० अंशांनी. बाहेरची हवा ५ अंशांची असली तरी कॉम्प्रेसरमधून ती १६५ ला निघते. ती गार करायची इंटरकूलरने, आणि इंटरकूलरमधून जाणारी हवाही तितकीच विरळ. म्हणजे काम दुपटीच्या जवळ गेले आणि साधन दोन तृतीयांशावर आले. रेडिएटर आणि तेलाच्या कूलरचे दुखणे हेच. या गाड्यांच्या अंगावर इतकी तोंडे आणि जाळ्या का असतात, त्याचे उत्तर यात आहे.

टर्बोचे पातेही याच कारणाने मर्यादेबाहेर फिरू लागते. तेवढाच दाब राखायला फेरे वाढतात, आणि सपाटीवर बेताने निवडलेला टर्बो वरच्या तिसऱ्या भागात गळपटतो.

व्यवहारातली एक चूक इथे नोंदवण्यासारखी आहे. स्प्रिंगवर चालणारा साधा वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप, बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब राखतो. दाबमापकावर १ बार दिसत राहतो, चालक निर्धास्त असतो. पण सपाटीला तो एकूण २.०१ बार असतो आणि शिखरावर १.५९. काटा जागचा हलला नाही आणि एकवीस टक्के हवा गेली. निरपेक्ष दाबाचा सेन्सर आणि त्यावर चालणारे नियंत्रण नसेल तर हे लक्षातही येत नाही.

आणखी एक: इथला सराव पूर्ण रस्त्यावर होत नाही. हा एरवी पर्यटकांचा टोल रस्ता. पहाटे थोडा वेळ मिळतो आणि गट पाडून रस्त्याचे तुकडे वाटून दिले जातात. खालून वरपर्यंत सलग धाव शर्यतीच्या दिवशीच, आणि तीही एकच. सलग दहा मिनिटांत साचत जाणारी उष्णता आधी बघायलाच मिळत नाही.

२३ फेब्रुवारी

पंख. ताजिमांच्या एस्कुडोचे आणि एसएक्स४ चे छायाचित्र दाखवले की पहिला प्रश्न येतो: एवढा मोठा पंख कशाला?

खाली दाबणारा जोर घनतेच्या सरळ प्रमाणात असतो. ताशी १०० किमीला, पंख आणि स्प्लिटर (नाकाखालची आडवी फळी) धरून गुणांक गुणिले क्षेत्रफळ ४ चौरस मीटर असे धरले, तर सपाटीला सुमारे १९३ किलोचा जोर मिळतो, शिखरावर १२५ किलोचा. शिखरावर तेवढाच जोर हवा असेल तर पंख १.५४ पट मोठा. अमर्याद गटात आकाराला फारशी आडकाठी नाही, म्हणून तो तसा आहे.

विरोधही त्याच प्रमाणात कमी होतो, त्यामुळे मोठ्या पंखाचा दंड सपाटीइतका भारी पडत नाही. उलट बाजू अशी: जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० ला तो चौथाई उरतो. वरच्या भागातल्या आखूड हेअरपिनमध्ये पंख जवळपास शोभेचाच. तिथे टायर आणि डिफरन्शियल. पंखाची कमाई लांब, वेगवान वळणांत, आणि तिथेच कठडा नसतो.

२ मार्च

न्यूझीलंडची कार्ड्रोना खोऱ्यातली ‘रेस टू द स्काय’ जोडली. १४.५ किमी, खडीचा रस्ता, १९९८ ला सुरू झालेली. ताजिमा इथे अनेकदा जिंकले. उंची पाइक्स पीकच्या जवळपासही नाही, त्यामुळे वरचे घनतेचे रकाने इथे लावायचे नाहीत. या दोन शर्यतींच्या वेळा एका आलेखात काढू नयेत.

९ मार्च

रॅलीची बाजू. घाटशर्यतीच्या झगमगाटात ही मागे पडते, आणि कारकिर्दीतली बरीच वर्षे तर इथेच गेली आहेत.

ताजिमा यांनी आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धेत सुझुकी चालवल्या. त्यात बलेनो वॅगनची किट कारही (विकाऊ गाडीवर शर्यतीचे भाग चढवून केलेली) होती. तीच बलेनो, १९९९ ला भारतात आलेली. फक्त रुंद चाककमानी आणि टर्बोविना उंच फेऱ्यांचे इंजिन. नंतर ते जागतिक रॅली स्पर्धेत (डब्ल्यूआरसी) सुझुकीच्या संघाचे प्रमुख झाले. ज्युनियर गटात पेर-गुनार अँडरसन २००४ ला इग्निसवर आणि २००७ ला स्विफ्टवर विजेते ठरले. २००७ च्या अखेरीस एसएक्स४ डब्ल्यूआरसी उतरली, २००८ ला अँडरसन आणि टोनी गार्डेमेइस्टर यांच्यासह पूर्ण हंगाम झाला. जपानच्या फेरीत दोघे पाचवे आणि सहावे. डिसेंबर २००८ मध्ये आर्थिक मंदीचे कारण देत सुझुकीने संघ मागे घेतला.

हे तक्त्यात का? कारण त्याच वर्षांत, त्याच माणसाच्या हाताखाली, हवेचे दोन उलटे प्रश्न होते. घाटशर्यतीच्या अमर्याद गटात हवा निसर्ग तोडतो, नियम काही म्हणत नाही. रॅलीत हवा नियमच तोडतो: दोन लिटरचे टर्बो इंजिन, किमान वजन १,२३० किलो, आणि टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचे रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारे अरुंद भोक. त्या भोकातून हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोहोचला की पुढे कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. सपाटीला हिशेब येतो सेकंदाला ०.२१ किलो हवा. तेवढ्या हवेत जळेल तेवढ्या पेट्रोलातून साधारण तीनशे अश्वशक्ती निघते. म्हणून त्या काळातल्या सगळ्या डब्ल्यूआरसी गाड्या तीनशेच्या आसपास होत्या. फरक पडायचा तो कमी फेऱ्यांवर टॉर्क किती आणि किती लवकर यात.

मेक्सिकोची रॅली २,७०० मीटरपर्यंत चढते. तिथे त्याच भोकातून जाणारी हवा पाव भागाहून थोडी जास्त घटते, आणि टर्बो वाढवून ती भरून काढता येत नाही, कारण अडवणारे भोक टर्बोच्या आधी आहे. पाइक्स पीकची युक्ती मेक्सिकोत चालत नाही. हे एक वाक्य नीट कळले तर या कारकिर्दीचे दोन्ही अर्ध एकत्र वाचता येतात.

२३ मार्च

डांबराचा प्रश्न. इथे हिशेब थांबतो आणि अंदाज सुरू होतो, म्हणून जपून.

मिलन यांच्या १९९४ च्या विक्रमाच्या वेळी रस्ता खडीचा होता. पुढे टप्प्याटप्प्याने डांबरीकरण झाले. २०११ ला शेवटचा खडीचा तुकडा शिल्लक होता. २०१२ ची शर्यत पूर्ण डांबरी रस्त्यावरची पहिली. म्हणजे ताजिमांचे २००६ ते २०११ असे सलग सहा विजय दोन्हींच्या मिसळीवरचे आहेत, आणि मिसळीचे प्रमाण बदलत गेलेले.

वरवर वाटते की डांबर वाढले तशी वेळ उतरत जावी. तक्ता तसे म्हणत नाही. २००७ नंतरची तीन वर्षे २००७ पेक्षा दहा ते सतरा सेकंद हळू आहेत. हवामान हे एक कारण असते. दुसरे, आमच्या मते कमी सांगितले जाणारे, म्हणजे टायर. खडीचे टायर उंच, सुट्या ठोकळ्यांचे; डांबरावर ते ठोकळे वाकतात, तापतात, फाटतात. डांबराचे सपाट टायर खडीवर गोट्यांवर चालल्यासारखे. मध्ये थांबून बदलता येत नाही. त्यामुळे हाताने खाचा पाडलेला कुठला तरी मधला टायर, कोणत्याच भागात पुरता बरोबर नसलेला. सस्पेन्शनही तसेच: खडीला चाकाची उडी आणि मऊपणा हवा, डांबराला ताठपणा आणि जमिनीलगत पंख. निम्मे-निम्मे असते तेव्हा तडजोड सर्वात महाग पडते. खडी थोडीच उरली की ती सोसून डांबरासाठीच गाडी बांधता येते. २०११ मध्ये वीस सेकंद एकदम उतरले, त्यात याचा वाटा मोठा असणार.

म्हणून कालपटात ९:५१.२७८ च्या शेजारी ‘खडीसह शेवटचा विक्रम’ असे लिहिले. पुढच्याच वर्षी पूर्ण डांबरावर रीस मिलन ९:४६.१६४ ला पोहोचले, मागोमाग रोमाँ द्युमा ०.०१७ सेकंदांनी. पाच सेकंदांचा तो फरक कुणी ‘गाडी सरस’ म्हणून मांडला तर त्याला विचारावे, रस्ता कोणता होता. रीस हे रॉड मिलन यांचे चिरंजीव, हे जाता जाता.

६ एप्रिल

दुरुस्ती. वयाचा रकाना ‘वर्ष उणे १९५०’ असा केला होता, तो चुकीचा. २०११ ची शर्यत २६ जूनला झाली, म्हणजे एकसष्टाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. दहा मिनिटांच्या आत आलेला चालक साठ वर्षांचा होता, एकसष्टचा नव्हे. २०१५ ची शर्यत २८ जूनला, नेमकी पासष्टाव्या वाढदिवशी. आता शर्यतीची पूर्ण तारीख भरून वय काढले आहे.

१३ एप्रिल

वीज. २०१२ पासून ताजिमांनी पेट्रोल सोडले. सलग सहा वेळा जिंकून, विक्रम हातात असताना. ते जपानमधल्या विद्युत वाहन प्रसार संस्थेचे, एपीईव्हीचे, प्रमुख. गाडीचे नाव ई-रनर.

फेब्रुवारीतल्या सगळ्या नोंदी वाचल्यावर हे पाऊल अचानक वाटत नाही. मोटरला श्वास लागत नाही. ३५ टक्के हवा गेली तरी मोटरची ताकद तीच. वेस्टगेट नाही, इंटरकूलर नाही, टर्बो भरायची वाट बघणे नाही. आणि दोन इंजिनांचे जुने स्वप्न, दर धुऱ्याला स्वतंत्र ताकद, इथे क्लचच्या भांडणाशिवाय जमते, कारण दोन मोटरांचा टॉर्क संगणक क्षणोक्षणी जुळवतो.

बॅटरीचा हिशेब: १,५०० किलोची गाडी १,४४० मीटर उचलायला ५.९ युनिट वीज. घरगुती दोन किलोवॅटचा गीझर तीन तास चालवला तर तेवढी. बाकी सगळी वीज वळणातून बाहेर पडताना वेग घ्यायला आणि हवा कापायला जाते. सरासरी २५० किलोवॅट ओढ धरली तर साडेनऊ मिनिटांत ४० युनिट. त्यातली दहा टक्के उष्णता झाली तर गाडीच्या पोटात सतत २५ किलोवॅटची शेगडी पेटलेली, आणि ती विझवायला परत तीच विरळ हवा. श्वासाचा प्रश्न सुटला, घामाचा राहिला. शिवाय बॅटरीचे वजन प्रत्येक वळणात ब्रेक आणि टायरकडून वसूल होते.

२०१२ ची शर्यत जंगलातल्या वणव्यामुळे जुलैवरून १२ ऑगस्टला गेली. ई-रनरमधून धूर येऊ लागला आणि धाव अर्धवट राहिली. कालपटात ‘अपूर्ण’, कारणाचा रकाना रिकामा.

पुढच्या ओळी:

२०१३: ९:४६.५३० — १२२.६९, विद्युत गटात पहिले
२०१४: ९:४३.९० — १२३.२५, विद्युत गटात तिसरे
२०१५: ९:३२.४०१ — १२५.७२, एकूणात दुसरे

तुलनेला २०१३ चे सेबास्तियाँ लोब, प्युजो २०८ टी१६, पेट्रोल: ८:१३.८७८, म्हणजे १४५.७१. ते शेजारी ठेवले की वीज तेव्हा कुठे होती ते स्पष्ट दिसते. २०१५ ची गाडी क्रोएशियाच्या रिमाक कंपनीबरोबर बांधलेली, चार मोटरांची, १,१०० किलोवॅटची. त्या वर्षी एकूण पहिले आले रीस मिलन, ९:०७.२२२, तेही विजेच्याच गाडीवर. पहिले दोन्ही क्रमांक विजेचे, आणि ताजिमा २५ सेकंद मागे.

२० एप्रिल

शेवटची फेरतपासणी. सेकंदांची बेरीज दोघांनी वेगवेगळी केली, जुळली. २०१४ ची वेळ शतांशापर्यंतच आहे. पुढे शून्य जोडून ती सहस्रांशापर्यंतची भासवू नये.

आलेखात एक बदल. सगळे ठिपके एका रेषेने जोडले होते; ती रेषा काढली. आता तीन रंगांचे सुटे ठिपके आहेत: खडी-डांबर पेट्रोल, डांबर पेट्रोल, डांबर वीज. तिसऱ्या रंगात सर्वात वर, २०१८ चे रोमाँ द्युमा, फोक्सवॅगन आयडी.आर, ७:५७.१४८, ताशी १५०.८२ किमी. ठिपका ताजिमांचा नाही, तरी ठेवला. त्याच्याशिवाय २०१२ चा ‘अपूर्ण’ नुसता अपूर्ण दिसतो.